ओल वाढली की चाऱ्यात काय बदलतं?

औष्णिक वीजकेंद्राशेजारच्या ऊर्जानगरहून गडचिरोलीकडे निघालं की काळ्या रानाऐवजी धानाच्या बांध्या दिसू लागतात. पावसाळ्यात तिथलं धुऱ्यावरचं गवत आणि उन्हाळ्यातलं तेच गवत दिसायला एक, पण आतली खनिजं वेगळी.

माती पाण्याने तुडुंब भरली की तिच्यातला प्राणवायू काही दिवसांतच संपतो. मग जिवाणू श्वसनासाठी मँगनीज आणि लोहाची ऑक्साइडं वापरतात. ही मूलद्रव्यं विरघळतात आणि मुळांना मिळतात. मँगनीजला चिकटलेलं कोबाल्टही सुटतं. गुरांच्या पोटातले जिवाणू त्यापासूनच ब-१२ जीवनसत्त्व बनवतात, तेव्हा हा फायदाच. साचलेल्या पाण्यात जस्त मात्र कमी मिळतं; धानाला खैरा रोग होतो तो जस्ताच्या कमतरतेनेच.

खरी गोम मॉलिब्डेनमची. ओल्या, अल्कधर्मी जमिनीत ते गवतात जास्त चढतं आणि जनावराच्या पोटात गंधकाशी मिळून तांबं अडवून धरतं. चाऱ्यात तांबं पुरेसं असूनही मग म्हशीचे काळे केस तांबूस पडतात, डोळ्यांभोवतीचे केस फिके होतात, हगवण लागते. इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या कुरणांतल्या गुरांच्या हगवणीचं हेच कारण १९३८ मध्ये उलगडलं. दगडी कोळशाच्या राखेतही मॉलिब्डेनम असतं, त्यामुळे वीजकेंद्राच्या शेजारी हा विषय पुस्तकी राहत नाही.

कोरड्या मातीत उलट: पाण्याची वाटच तुटते, बोरॉनसारखी द्रव्यं मुळांपर्यंत पोहोचत नाहीत.

चारा तपासायला देताना ऑगस्टचा आणि एप्रिलचा नमुना वेगळा ठेवावा. पानावरचा चिखल धुवावा, नाहीतर लोहाचा आकडा भलताच फुगतो.