यंत्राच्या हाती नोंदवही

कृत्रिम बुद्धिमत्तेचा संगणकी मदतनीस आपल्याला माहीत झाला तो बोलणारा म्हणून. प्रश्न विचारावा, त्यानं उत्तर द्यावं. चुकलं तर आपण हसून सोडून द्यावं. आता मात्र त्याला हात फुटले आहेत. तो पत्रं पाठवतो, तिकिटं काढतो आणि नोंदवहीत नोंदीही करतो. हे हात म्हणजे छोटे छोटे प्रोग्रॅम. या क्षेत्रातली मंडळी त्यांना 'टूल' म्हणतात. मदतनीस आणि टूल यांनी एकमेकांशी कसं बोलावं याची एक सामायिक पद्धत अँथ्रोपिक कंपनीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. 'मॉडेल काँटेक्स्ट प्रोटोकॉल' हे तिचं नाव. हात जोडणं त्यामुळे सोपं झालं. त्या हातांनी काय लिहिलं जाईल, ही काळजी आपली.

चुकीचं उत्तर हवेत विरतं. चुकीची नोंद टिकते आणि पुढचा माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. एक दवाखाना डोळ्यांपुढे आणा. डॉक्टर बोलताहेत, मदतनीस ऐकतो आहे आणि रुग्णाची माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकातल्या नोंदवहीत, भरतो आहे. पेनिसिलिनची ॲलर्जी ही त्यातलीच एक नोंद. ती चुकली तर काय होईल, हे सांगायला नको.

यातला एक धोका जुनाच आहे. डेटाबेसला हुकूम देण्याच्या भाषेला 'एसक्यूएल' म्हणतात. तिच्यात मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. आता आपले वसईचे किंवा गोव्याचे डिसोझा इंग्रजीत नाव लिहिताना 'डी'च्या डोक्यावर एक स्वल्पविराम टांगतात. संगणकाला वाटतं, मजकूर इथेच संपला. उरलेलं नाव तो हुकूम म्हणून वाचू पाहतो आणि अडतो. डिसोझांच्या बाबतीत हा नुसता खोळंबा. पण त्या चिन्हापुढे कुणी मुद्दाम खराखुरा हुकूमच लिहिला तर? ही युक्ती १९९८ साली 'फ्रॅक' नावाच्या संगणकी नियतकालिकात आली. पुढे ती 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणून कुप्रसिद्ध झाली.

उपायही जुना आणि पक्का आहे. हुकूम रिकाम्या जागांसह आधी पाठवायचा आणि नाव, तारीख वगैरे मजकूर वेगळा द्यायचा. मनीऑर्डरचा फॉर्म आठवा. संदेशाच्या चौकटीत कुणी 'दुप्पट रक्कम द्या' असं लिहिलं, तरी पोस्टमन दुप्पट देत नसे. मेख एवढीच, की या रिकाम्या जागांत कोष्टकाचं किंवा रकान्याचं नाव बसत नाही. ती नावं टूलनं आपल्या ठरलेल्या यादीतूनच घ्यावीत, मदतनीसाच्या तोंडून नाही.

दुसरी गोष्ट किल्ल्यांची. मदतनीसाला 'हवा तो हुकूम चालव' असं टूल देऊच नये. 'ॲलर्जीची नोंद जोड' एवढंच करणारं टूल द्यावं. आणि त्याच्या खात्याला भर घालण्याची परवानगी असावी, खोडण्याची नसावी. कामापुरतेच अधिकार, हे तत्त्व सॉल्ट्झर आणि श्रोडर या संशोधकांनी १९७५ सालीच मांडलं होतं. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सेवेवरच्या मदतनीसानं, काहीही बदलू नको असं बजावलेलं असताना, एका अमेरिकी उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला. बजावणं म्हणजे कुलूप नव्हे.

इथवरचं सगळं प्रोग्रॅमर मंडळींना पाठ असतं. माझ्या मते खरी गोम पुढे आहे. टूल म्हणतं, ॲलर्जीचा रकाना भरलाच पाहिजे. डॉक्टरांनी तर रुग्णाला विचारलेलंच नाही. अशा वेळी माणूस कारकून डोकं खाजवतो, आत जाऊन विचारून येतो. मदतनीसाचा कल मात्र रकाना भरून टाकण्याकडे असतो. तो सहज लिहून जातो, 'ॲलर्जी नाही'. हुकूम बिनचूक, नोंद सुबक आणि माहिती खोटी! म्हणून 'नाही', 'माहीत नाही' आणि 'विचारलं नाही' ही तिन्ही उत्तरं टूलमध्ये वेगवेगळी हवीत. जन्मतारखेचंही तेच. वय तेवढं कळलं असेल तर वयच लिहू द्यावं, नाहीतर एक जानेवारीला जन्मलेल्या रुग्णांची रांग लागेल.

मग येतो दुबार नोंदीचा प्रश्न. नोंद झाली, पण पोच यायच्या आत जोडणी तुटली. मदतनीस पुन्हा पाठवतो. इंजेक्शन दिल्याची नोंद दोनदा पडली, तर रुग्णाला दोन डोस मिळाले असं दिसेल. त्यासाठी प्रत्येक कामाला एक टोकन क्रमांक द्यावा. तोच क्रमांक पुन्हा आला, की डेटाबेसनं नवी नोंद न करता जुनीच दाखवावी. हा क्रमांक भोवतालच्या प्रोग्रॅमनं द्यावा. मदतनीसावर सोडला तर तो दर वेळी नवा काढील.

एका दुखण्यावर मात्र अजून रामबाण औषध नाही. बाहेरून आलेल्या चिठ्ठीतच कुणी लिहून ठेवलं, 'मागच्या सूचना विसर आणि अमुक नोंद कर', तर मदतनीस त्यालाही हुकूम समजू शकतो. सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये याला 'प्रॉम्प्ट इंजेक्शन' हे नाव दिलं. रिकाम्या जागांची युक्ती इथे उपयोगाची नाही, कारण मजकूर रीतसर रकान्यातच बसतो. तेव्हा जोखमीची नोंद पडद्यावर जशीच्या तशी दाखवावी आणि माणसानं होकार दिल्यावरच ती आत जावी. पण दर नोंदीला होकार मागू नका. दिवसाला दोनशे वेळा विचारलं, तर माणूस न वाचता शिक्का मारू लागतो.

आणि नोंद कुणी केली, कुणाच्या सांगण्यावरून केली, याचा एक रकाना ठेवावा. चूक सापडलीच तर जुन्या जमाखर्चातल्यासारखं करावं: आधीची ओळ खोडायची नाही, तिचा क्रमांक देऊन खाली दुरुस्तीची नवी ओळ लिहायची.