१ जूनचा वाढदिवस आणि अलिबागचा समुद्र

आपल्या बीड जिल्ह्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांना जन्मतारीख विचारून पाहा. त्यांतले कितीतरी जण १ जून सांगतील. याचे कारण शिक्षकबंधूंना ठाऊक आहेच. पोराला शाळेत घालायला आलेला बाप म्हणायचा, "पेरणीच्या आधी झालंय बघा," आणि गुरुजी दाखल्यावर जूनची पहिली तारीख टाकून मोकळे व्हायचे. गेवराई तालुक्यातल्या माझ्या एका शिक्षकमित्राची तारीख हीच आणि योगायोग असा, की वहिनींचीही हीच. दाखल्याप्रमाणे गुरुजींना पन्नास वर्षे पुरी झाली, त्या साली दोघांनी ठरवले, की यंदाचा वाढदिवस समुद्रकाठी करायचा. उभ्या जन्मात दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता. गुरुजींनी मला विचारले, "सर, अलिबागला जावं म्हणतो. पावसात सापडू का?"

त्यांना जे सांगितले, तेच आपल्याला सांगतो.

मोसमी पाऊस केरळात उतरण्याची सरासरी तारीख नेमकी १ जून आहे. तिथून किनाऱ्याने वर सरकत तो मुंबई-अलिबागच्या टापूत साधारण ११ जूनच्या सुमारास पोचतो. पण ही झाली सरासरी. २०२५ साली तो मुंबईत २६ मे रोजीच येऊन थडकला, तर २०२३ साली २५ जून उजाडला. म्हणजे एका महिन्याचा फरक! तेव्हा जूनच्या पहिल्या आठवड्यात अलिबागला ऊन असेल की पाऊस, हे महिनाभर आधी कोणीही सांगू शकत नाही. चार-पाच दिवस आधी मात्र हवामान खात्याचा अंदाज बराच भरवशाचा असतो. त्यातले रंग ध्यानात ठेवावेत. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा आणि लाल म्हणजे आता हालचाल करा. लाल असेल तर मंडळी, मुकाट्याने घरी बसावे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेलाच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या. गुरुजींच्या वाढदिवसानंतर अवघ्या दोन दिवसांची ती तारीख.

पण माझी खरी काळजी पावसाची नव्हती. पावसात माणूस भिजतो, एवढेच. काळजी होती पाण्याची. आपण विहिरीत आणि गोदावरीत पोहायला शिकलेली माणसे. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते, हे आपण पुस्तकात वाचलेले असते, पण ते अंगवळणी पडलेले नसते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारीत कसला आलाय पाऊस? वर आभाळ स्वच्छ असले, म्हणून खाली पाणी शहाणे असते असे नाही.

भरतीची वेळ काढायची कोकणात एक जुनी रीत आहे. शिक्षकांनी ती मुलांना गणित म्हणून अवश्य घालावी. पंचांगातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सकाळी सव्वाअकराच्या पुढेमागे पूर्ण भरती, आणि तिथून सवासहा तासांनी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते, कारण चंद्रही रोज तेवढाच उशिरा उगवतो. अर्ध्या-पाऊण तासाची चूक या हिशेबात धरावी आणि तिथल्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्याकडे जाऊ नये.

हे सारे सांगायचे कारण अलिबागचा कुलाबा किल्ला. हा किल्ला समुद्रात आहे, पण ओहोटीला चालत जाता येते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जितके चढते, तितकेच खाली ओसरते आणि वाट मोकळी होते. अष्टमीच्या भांगाला मात्र पाणी अर्धवटच हटते. किल्ल्यात वेळेचे भान सुटले, तर मागे पाणी भरते. जूनमध्ये तर वाराही पाणी पुढे रेटत असतो. तेव्हा गुरुजींना मी बजावले, की पावसाळी हवा असली तर किल्ला वाळूवरूनच पाहा. तो पळून जात नाही.

गुरुजी आणि वहिनी गेले. १ जूनला दुपारपर्यंत ऊन होते आणि संध्याकाळी सर आली. एका छत्रीत दोघे भिजले, आणि किल्ला वाळूवरूनच पाहिला. रात्री गुरुजींनी घरी फोन लावला. मुलगा म्हणाला, "आबा, तिकडं पाऊस लागलाय म्हणता, मग सरकी लावून टाकू का?"

इथे वहिनींनी फोन हातात घेतला आणि त्याला थांबवले. त्यांचे बरोबर होते. समुद्रावरून आलेले ओले वारे सह्याद्री चढताना गार होतात आणि त्यातली वाफ तिथेच पाऊस होऊन सांडते. घाट उतरून आपल्याकडे येणारा वारा पुन्हा तापलेला आणि बराचसा कोरडा असतो. म्हणून कोकणात वर्षाला दोन ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपल्या जिल्ह्यात साडेसहाशे-सातशेवर भागवावे लागते. अलिबागची सर ही गेवराईच्या पेरणीची खूण नव्हे. आपल्या रानात ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेली, म्हणजे मग बियाणे बाहेर काढावे.

गुरुजी परत आले तेव्हा गावात नुसतेच वारे सुटले होते. सरकीच्या पिशव्या घरातच होत्या. वहिनींनी पिशवीभर शिंपले आणले होते, ते आता गुरुजींच्या शाळेत भूगोलाच्या तासाला फिरतात.