चाळीस जीबीतली आजी

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. आईचा फोन आला, "अगं, माळ्यावरचा तो डब्बा भंगारवाल्याला देऊन टाकते हं. साफसफाई काढलीय." डब्बा म्हणजे आमचा २००४ सालचा असेम्बल्ड पीसी. मी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये ओरडलेच, "आई थांब! त्यात आजी आहे!"

म्हणजे आजीचा आवाज. २००५च्या मे महिन्यात बाबांनी तिला साध्या माइकसमोर बसवून जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. ११ फाइल्स. शिवाय प्रत्येक ओवी वर्डमध्ये टाइप केलेली. आजी २००८मध्ये गेली. 'एकदा सीडी करून ठेवू' म्हणता म्हणता ते राहूनच गेलं.

शनिवारी डोंबिवली गाठली. सीपीयू खाली काढला, धूळ झटकली, बटण दाबलं. विंडोज एक्सपीची ती हिरवीगार टेकडी दिसली आणि पाठोपाठ आतून आवाज आला... टक्, टक्, टक्. स्क्रीन ढिम्म. मग मी काय केलं? आपण सगळेच करतो तेच. रीस्टार्ट! एकदा नाही, चार वेळा.

सोमवारी लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने माझी हजेरीच घेतली. "मॅडम, आजारी माणसाला जिने चढायला लावता का? टकटक ऐकली की बंद करायचं. आधी कॉपी, बाकी सगळं नंतर." कारण सोपं आहे. हार्ड डिस्कमध्ये चकत्या गरगर फिरतात आणि वाचणारं हेड त्यांच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगतं. हेड किंवा चकती बिघडली असेल, तर प्रत्येक स्टार्टला उरलंसुरलंही जायची भीती.

चिमुकली पेटी, मोठ्ठी पेटी

आमची डिस्क ४० जीबीची. तेव्हा वाटलं होतं, जन्मात भरणार नाही! आता मी १ टीबीची एक्स्टर्नल डिस्क घेतली, म्हणजे पंचवीसपट मोठी. ही उडी कशी शक्य झाली? आयबीएमने १९५६मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कचं वजन टनाच्या घरात होतं आणि मावायचं काय, तर आजचं जेमतेम एक एमपीथ्री गाणं. पुढे १९८८च्या सुमाराला आल्बर्ट फर्ट आणि पीटर ग्र्युनबर्ग या दोघांनी अत्यंत क्षीण चुंबकीय खुणाही ओळखता येतील असा परिणाम शोधला. त्यावर बनलेल्या हेड्समुळे त्याच जागेत कितीतरी जास्त डेटा मावायला लागला. २००७चं फिजिक्सचं नोबेल त्यांना याच शोधासाठी मिळालं.

जुनी डिस्क चपट्या, रुंद केबलची, आयडीई. नव्या लॅपटॉपला ती जोडायची तर आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टर लागतो. घेताना बघा, त्याच्यासोबत वेगळा पॉवर सप्लाय हवाच. डेस्कटॉपची साडेतीन इंची डिस्क नुसत्या यूएसबीच्या करंटवर फिरत नाही.

कॉपी-पेस्ट की क्लोन?

माझा बेत साधा होता. सिलेक्ट ऑल, कॉपी, पेस्ट. ऑफिसातल्या आयटीवाल्या मित्राने कपाळावर हात मारला. कॉपी-पेस्टने फाइल्स येतात, पण लपलेले फोल्डर सुटू शकतात, आणि खराब जागा लागली की गाडी तिथेच अडकते. क्लोन म्हणजे डिस्कची बिट टू बिट झेरॉक्स. धडधाकट डिस्कसाठी क्लोनझिला हे फुकटातलं सॉफ्टवेअर चांगलं. आमच्यासारख्या पेशंटला मात्र जीएनयू डीडीरेस्क्यू. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा टिपून ठेवतं आणि नंतर तिथे पुन्हा प्रयत्न करतं.

सुरू करण्याआधी मित्र दोनदा म्हणाला, "सोर्स कोणती, डेस्टिनेशन कोणती, मोठ्याने वाच." दोन्हींची अदलाबदल झाली, तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर कॉपी होते आणि आजी कायमची पुसली जाते. साइज बघून खात्री केली, श्वास रोखला आणि एंटर दाबलं.

बराचसा भाग तासाभरात आला. उरलेल्यासाठी अख्खी रात्र लागली. सकाळी नवी डिस्क लावली, तर सी आणि डी मिळून फक्त ३७ जीबी! टीबी गेला कुठे? घाबरू नका. क्लोन जुन्या पार्टिशनची मापंही जशीच्या तशी आणतो. बाकी जागा 'अनअलोकेटेड' म्हणून पडून असते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिचं नवं पार्टिशन केलं. तरी बेरीज ९३१ जीबीच भरते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ने. फसवणूक नाही, नुसता हिशोबाचा फरक.

आणि आजी बोलली

११च्या ११ फाइल्स वाजल्या. फक्त सातव्या ओवीत मध्येच दोन सेकंद शांतता. तेवढे सेक्टर गेलेच होते. म्हटलं, बाबांची वर्डची फाइल आहे की! उघडली, तर नुसती अगम्य चिन्हं. फाइल युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमधली, आणि तो फॉन्ट माझ्या लॅपटॉपवर नव्हता. पण क्लोनमध्ये विंडोजचा अख्खा फॉन्ट्स फोल्डर आलेला! तो फॉन्ट तिथून उचलून टाकला आणि चिन्हांची मराठी झाली. नुसतं 'माय डॉक्युमेंट्स' कॉपी केलं असतं, तर बसले असते शोधत.

तुमच्याही माळ्यावर असा डब्बा असेल, तर एवढं लक्षात ठेवा:

- जुनी डिस्क लगेच फेकू नका. नव्या कॉपीतल्या फाइल्स उघडून बघा, मगच निर्णय घ्या.
- जुना एक्सपी इंटरनेटला जोडू नका. त्याचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपला.
- तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. आमची एक कॉपी पुण्याला ताईकडे आहे.
- डिस्क फिरतच नसेल किंवा डिटेक्ट होत नसेल, तर घरी उघडू नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

भाऊबीजेला सगळे जमलो. सातवी ओवी लागली, ती शांतता आली, आणि मी कागदावरून वाचायच्या आत बाबांनीच ती ओळ म्हटली. पाठ होती त्यांना. मग आम्ही ती सगळ्यांकडून म्हणून घेतली आणि रेकॉर्ड केली. आता फाइल्स १२ आहेत.