बंद केलेला दिवा झोपत का नाही?

गेल्या दिवाळीआधी दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात मी स्मार्ट स्विच बसवले. हौस होतीच, पण काळजी जास्त होती. आजी रात्री दोन-तीनदा उठते आणि अंधारात भिंत चाचपडत बटण शोधते. एकदा उंबरठ्याला अडखळून पडता पडता वाचली. तेव्हाच ठरवलं, तिने नुसतं सांगितलं की दिवा लागला पाहिजे.

पहिल्याच रात्री आजीची हाक आली, "अरे, तुझा दिवा झोपतच नाही!" पाहतो तर तिच्या खोलीतला बंद केलेला एलईडी बल्ब मंद मिणमिणत होता. जिन्यातला तर दर काही सेकंदांनी लुकलुकत होता. मी दिवसभर कोड लिहिणारा, म्हणून आधी अ‍ॅपवर संशय घेतला. मग बल्ब बदलून पाहिले. शेवटी वायरमनभाईंनी बोर्ड उघडला आणि म्हणाले, "भाई, आमां न्यूट्रल ज नथी!"

गोष्ट अशी आहे. साधं बटण फेजची वायर फक्त जोडतं किंवा तोडतं. त्याला स्वतःला वीज लागत नाही. स्मार्ट स्विचमधलं वाय-फायचं सर्किट मात्र चोवीस तास जागं असतं. बोर्डात न्यूट्रल असेल तर ते तिथून काम भागवतं. न्यूट्रलशिवाय चालणारा स्विच असेल, तर तो दिवा 'बंद' असतानाही बल्बमधून थोडी वीज वाहू देतो. जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब २३० व्होल्टवर सुमारे २६० मिलिअँपिअर घ्यायचा. दोन-चार मिलिअँपिअरने त्याची तार दिसण्याइतकी तापतही नसे. ९ वॉटच्या एलईडीचं तसं नाही. झिरपणारी वीज त्याच्या कपॅसिटरमध्ये साठते, पुरेशी झाली की बल्ब क्षणभर उजळतो, आणि पुन्हा पहिल्यापासून.

म्हणून खरेदीला निघण्याआधी एवढं पाहा:

१. वायरमनकडून बोर्ड तपासून घ्या. ज्या बोर्डात प्लग आहे तिथे न्यूट्रल असतेच; जिन्यातल्या किंवा बाथरूमबाहेरच्या एकट्या बटणाजवळ बहुधा नसते. न्यूट्रलच्या जागी अर्थिंगची वायर कधीही जोडू नका, जिवाशी खेळ होईल.

२. न्यूट्रल नसेल, तर स्विचच्या खोक्यावर 'किमान लोड' किती वॉट लिहिलाय ते बघा. एकटा ९ वॉटचा बल्ब त्यापेक्षा कमी भरू शकतो. अशा वेळी कंपनीने सुचवलेला बायपास कपॅसिटर दिव्याला समांतर जोडून घेतात.

३. प्रकाश कमी-जास्त करायचा असेल, तर बल्बवर 'डिमेबल' लिहिलेलं हवं. साधा एलईडी डिमरवर फडफडतो, गुणगुणतो आणि लवकर जातो.

४. स्मार्ट स्विच आणि स्मार्ट बल्ब एकाच दिव्याला लावू नका. स्विचने वीज तोडली की बल्ब वाय-फायवरून गायब!

५. बाहेरून बल्ब मागवताना होल्डर पाहा. आपल्याकडे बहुतेक घरांत दोन खिळ्यांचा बी-२२ असतो, परदेशी बल्ब बरेचदा आट्यांचे ई-२७ असतात.

६. सगळे बल्ब एकदम घेऊ नका. एक आणा, रात्रभर बंद ठेवून बघा, मग बाकीचे घ्या.

आमच्याकडे आजीच्या खोलीत शेजारच्या प्लगच्या बोर्डातून न्यूट्रल ओढली आणि जुन्या बटणामागे बसणारं छोटं मॉड्यूल लावलं. आता दिवा फोनवरून, आवाजावर आणि बटणानेही लागतो. जिन्यात बायपास लावल्यावर लुकलुक थांबली.

महिनाभर आजी दिव्याशी मोठ्या कौतुकाने बोलली. आता रात्री उठली की सवयीने बटणच दाबते. म्हणून त्या बटणावर मी अंधारात चमकणारी चिकटपट्टी लावली आहे. ती तिला सगळ्यांत जास्त आवडली.