परक्या व्यंजनांचे श्रवण : मकावमधील कॅन्टोनीज भाषक आणि पोर्तुगीज

पर्ल नदीच्या मुखाशी वसलेले मकाव १५५७ च्या सुमारास पोर्तुगीजांचे ठाणे बनले आणि २० डिसेंबर १९९९ रोजी चीनच्या स्वाधीन झाले. तथापि चिनीच्या जोडीने पोर्तुगीज ही तेथील अधिकृत भाषा आजही असल्यामुळे घरी कॅन्टोनीज बोलणारे अनेक जण ती शिकतात. त्यांच्या चुकांचा दोष सहसा जिभेवर टाकला जातो. परंतु अडचणीचे मूळ बऱ्याच अंशी श्रवणात, म्हणजे परका ध्वनी कान आपल्या कोणत्या कप्प्यात टाकतो यात असते.

मराठी वर्णमालेत हे कप्पे मांडूनच ठेवलेले आहेत. ‘त’ आणि ‘द’ यांत फरक घोषाचा, म्हणजे स्वरतंत्रींच्या कंपाचा. ‘त’ आणि ‘थ’ यांत फरक प्राणाचा, म्हणजे सोबत सुटणाऱ्या श्वासाचा. मराठी दोन्ही भेद पाळते, कॅन्टोनीज केवळ प्राणाचा, तर पोर्तुगीज केवळ घोषाचा. लिस्कर आणि अब्रामसन यांनी १९६४ मध्ये ज्या ११ भाषांतील अशा व्यंजनांची मोजणी प्रसिद्ध केली, त्यांत कॅन्टोनीज आणि मराठी या दोन्ही होत्या. जीभ वा ओठ विलग होण्याचा क्षण आणि कंपाचा आरंभ यांतील अंतर त्यांनी मोजले : ‘द’मध्ये कंप आधीच सुरू झालेला असतो, ‘त’मध्ये तो विलग होताच सुरू होतो, ‘थ’मध्ये बराच उशिरा. पोर्तुगीजमध्ये ‘तिआ’ म्हणजे मावशी किंवा आत्या आणि ‘दिआ’ म्हणजे दिवस. कॅन्टोनीज कानाला मात्र दोन्हींच्या आरंभी आपला ‘त’च ऐकू येण्याचा संभव मोठा. दोन परके ध्वनी मातृभाषेच्या एकाच कप्प्यात पडले की त्यांतला भेद ओळखणे सर्वांत कठीण जाते, असे कॅथरिन बेस्ट यांचे श्रवणविषयक प्रतिमान सांगते.

याची साक्ष मकावमधील स्थलनामांत आहे. तेथील ‘वास्को द गामा’ उद्यानाचे चिनी नाव कॅन्टोनीजमध्ये साधारण ‘वा-सी-कू-तात्-का-मा’ असे उच्चारले जाते. ‘को’ आणि ‘गा’ या दोन्हींच्या वाट्याला एकच अल्पप्राण ‘क’ आला, ‘द’चा ‘त’ झाला. कॅन्टोनीजमध्ये दात व ओठ मिळून होणारा सघोष ‘व’ नसल्याने केवळ ओठांचा ‘व’ घेतला गेला. आणि कॅन्टोनीज अक्षराच्या अंती ‘स’ येत नसल्याने त्याला स्वर जोडून स्वतंत्र अक्षर करावे लागले. गोव्यातील वास्को शहरालाही याच दर्यावर्दीचे नाव आहे, परंतु मराठी व कोंकणी कानांना त्यातले ‘द’ आणि ‘ग’ मुळीच अडत नाहीत.

‘र’ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. कॅन्टोनीजमध्ये ‘र’ नाही आणि पोर्तुगीजमध्ये तर दोन आहेत : जिभेच्या एका टिचकीने होणारा, आणि लिस्बनच्या प्रचलित उच्चारात घशातून येणारा. आल्मेइदा रिबेइरू यांच्या नावाच्या हमरस्त्याच्या चिनी नावात ‘रिबेइरू’चे दोन्ही ‘र’ ‘ल’ झाले आहेत. आजचा विद्यार्थी घशातला ‘र’ बहुधा आपल्या ‘ह’जवळ नेतो, आणि तो निदान ‘ल’पासून वेगळा राहतो, टिचकीचा ‘र’ मात्र ‘ल’च्याच कप्प्यात शिरतो, त्यामुळे ‘कारु’ (महाग) आणि ‘कालु’ (त्वचेवरील घट्टा) एकच वाटू लागतात.

ही कमतरता केवळ कॅन्टोनीज कानाची मानणे अन्यायाचे होईल. मकावच्या पोर्तुगीज प्रशासनाने कॅन्टोनीज नावांसाठी जी रोमन लेखनपद्धती रूढ केली, तीत ‘मोठा’ या अर्थाचा ‘ताइ’ आणि ‘अति’ या अर्थाचा ‘थाइ’ एकाच रीतीने लिहिले जातात, कारण प्राणाचा भेद पोर्तुगीज कानाने टिपला नव्हता.

कान घडतो तो बालपणीच : वर्कर आणि टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले की इंग्रजी घरांतील तान्ह्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला भेद ओळखता येतो, पण पहिल्या वर्षाच्या अखेरीस ती क्षमता बरीच ओसरते. ती कायमची मात्र जात नाही. लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांच्या १९९१ च्या प्रयोगात अनेक वक्त्यांच्या आवाजांत शब्दजोड्या ऐकवल्यावर जपानी प्रौढ इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ अधिक अचूक ओळखू लागले. म्हणूनच पोर्तुगीज शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांचे उच्चार सुधारण्याची घाई न करता ‘तिआ-दिआ’सारख्या जोड्या निरनिराळ्या आवाजांत ऐकवून, ओळखायला लावून, मगच त्या म्हणवून घ्याव्यात.