कालवड हवी, पण कोणत्या वंशाची?

गाय व्याली की गोठ्यात पहिला प्रश्न असतो तो कालवड की गोऱ्हा, हाच. यंत्राने नांगरणी होऊ लागल्यापासून गोऱ्ह्याला काम उरलेले नाही आणि त्याला पोसण्याचा खर्च लहान पशुपालकाला पेलत नाही. पुनरुत्पादनाच्या नव्या तंत्रांकडे ओढा वाढण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

यांतील सर्वांत रुळलेले तंत्र कृत्रिम रेतनाचे. निवडक वळूचे वीर्य कांड्यांमध्ये भरून द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाला वर्षानुवर्षे टिकवता येते. गाय साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते आणि माज १२ ते १८ तासच टिकतो. म्हणून सकाळी माज दिसल्यास संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे, असा संकेत आहे. माज हुकला, तर तीन आठवड्यांचा चारा वाया जातो.

लिंगनिर्धारित वीर्य ही पुढची पायरी. मादी वासरू देणाऱ्या शुक्राणूत सुमारे चार टक्के अधिक डीएनए असतो. त्याआधारे यंत्र शुक्राणू वेगळे करते आणि सुमारे ९० टक्के वेळा कालवड मिळते. मात्र गर्भधारणेचे प्रमाण नेहमीच्या वीर्यापेक्षा काहीसे कमी राहते. त्यामुळे निरोगी, नियमित माज दाखवणारी जनावरेच यासाठी निवडावी लागतात.

वळूचे गुण कांड्यांतून दूरवर पोहोचतात. गाय मात्र वर्षाला एकच वासरू देते. ही मर्यादा भ्रूण प्रत्यारोपणाने ओलांडता येते. संप्रेरकांनी उत्तम गायीची अनेक बीजे एकाच वेळी पक्व करून तिचे रेतन करतात व सातव्या दिवशी भ्रूण काढून इतर गायींच्या गर्भाशयात ठेवतात. बीजांडे थेट बीजकोशातून काढून प्रयोगशाळेतही फलित करता येतात. गर्भ वाढवणारी गाय साधी असली, तरी वासराचा वंश दाता गायीचा आणि वळूचाच असतो.

येथेच गोमंतकाचा प्रश्न उभा राहतो. नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत शुभ्र असलेली श्वेतकपिला ही गोव्याची नोंदणीकृत गाय. दूध थोडे, पण किनारपट्टीच्या दमट हवेत आणि कमी चाऱ्यावर तग धरणारी. तिला व तिच्या कालवडींना प्रत्येक पिढीत जर्सी किंवा होल्स्टिनचे वीर्य दिले, तर स्थानिक वंशाचा वाटा पहिल्या पिढीत निम्मा, दुसरीत पाव आणि तिसरीत अवघा अष्टमांश उरतो. दूध वाढते, परंतु उष्मा सोसण्याची शक्ती घटते. उलट, याच वंशातील उत्तम वळूंचे वीर्य व गायींचे भ्रूण जपले, तर हेच तंत्र तिला तारू शकते.

तंत्र निवड करीत नाही. केलेली निवड ते झपाट्याने वाढवते. म्हणून रेतनापूर्वी कांडी कोणत्या जातीची, हे विचारावे. वळूचा क्रमांक, रेतनाची तारीख आणि गायीच्या कानातील बिल्ल्याचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा. पुढच्या कालवडीचा वंश ठरवताना हीच नोंद उपयोगी पडते.