आधी मला बोट लागायचं

एप्रिलचा शेवटचा आठवडा. पेपर संपलेत, निकाल १ मेला. मधल्या दिवसांत प्राथमिक शाळेत काय चालतं ते शिकवणाऱ्यांनाच ठाऊक: फळ्यावर चित्रं, पटांगणात लंगडी आणि दर दहा मिनिटांनी ‘बाई, सुट्टी कधी?’ माझी एक मैत्रीण जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. अशाच एका रिकाम्या दुपारी तिने वहीचे कागद अर्धे-अर्धे फाडून पोरांना वाटले आणि एकच प्रश्न घातला: जूनमध्ये तू कसं वाचायचास, आता कसं वाचतोस?

ते कागद मी तिच्या घरी, रात्री जेवणं झाल्यावर चाळले. निम्म्यांनी लिहिलं होतं, ‘आता मी छान वाचतो.’ प्रगतिपुस्तकातली भाषा मुलांनाही लवकर येते, त्यात त्यांचा दोष नाही. पण काही कागदांपाशी मी थबकले. त्यातल्या एकावर एवढंच होतं: ‘आधी मला बोट लागायचं. आता बोट लागत नाही.’

वाचायला बोट कशाला लागतं? आपल्याला वाटतं, डोळा ओळीवरून घरंगळत जातो. तसा तो जात नाही, उड्या मारतो. १८७०च्या दशकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एमिल झावाल या नेत्रतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे टिपलं. डोळा एका जागी टेकतो, साधारण पाव सेकंद थांबतो, मग झटक्यात पुढे. झटक्याच्या त्या क्षणी आपल्याला जवळपास काहीच दिसत नसतं. दिसतं ते थांब्यांवर, तुकड्यातुकड्यांनी, आणि मेंदू ते तुकडे असे बेमालूम जोडतो की शिवण दिसू नये. मुरलेल्या वाचकाच्याही दहातल्या एखाद-दुसऱ्या उडीची दिशा उलटी असते.

नवशिक्या मुलाचे थांबे लांब असतात आणि पुष्कळ असतात. एकाच शब्दावर दोन-तीनदा टेकायचं, मागे जायचं, पुन्हा यायचं. या धावपळीत ओळच हरवते. बोट ही दाव्याची खुंटी आहे. डोळा कुठेही भरकटला तरी परतायची जागा पक्की. ‘बोट काढ, मोठा झालास ना’ असं आपण मुलांना दटावतो, ते मला पटत नाही. उड्या सराईत झाल्या की बोट आपोआप गळून पडतं. खात्री करायची असेल तर वाचणाऱ्या मुलासमोर बसा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेवरून त्याच्या बुबुळांकडे बघा. टुणटुण उड्या स्पष्ट दिसतात. (झावालची स्वतःची दृष्टी पुढे काचबिंदूने गेली. तेव्हा नव्याने अंध झालेल्यांसाठी त्याने एक पुस्तक लिहिलं.)

दुसरा कागद खास मराठी होता: ‘आता मला दर्या आणि दऱ्या कळतं.’ नाणेघाटाच्या तालुक्यातल्या मुलाला दऱ्या कळायला हव्यातच, पण ही कामगिरी दिसते त्याहून अवघड आहे. एकटा र घ्या. ‘सूर्य’मध्ये तो शेजाऱ्याच्या डोक्यावर बसतो, ‘ग्रह’मध्ये पायात तिरका अडकतो, ‘ट्रक’मध्ये खाली छपरासारखा होतो आणि ‘दऱ्या’मध्ये नुसती मिशी उरते. एकच ध्वनी, चार सोंगं. त्यातली दोन अदलाबदल झाली की डोंगराच्या जागी समुद्र येतो. पहिली वेलांटी तर आणखी खोडकर. ‘दिवस’ म्हणताना आधी द् आणि मग इ. कागदावर मात्र वेलांटी द च्या आधी उभी. डोळ्याला जे पहिलं भेटतं ते जिभेवर नंतर यायचं असतं, म्हणजे ते क्षणभर धरून ठेवावं लागतं. आपण ते दिवसातून हजारदा करतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

आपल्या लिप्यांमधला हा अक्षरांचा पसारा मुलांना एका वर्षात आवरत नाही. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की अक्षरं पुरती आत्मसात व्हायला चौथीपर्यंतचा काळ जातो. कन्नड आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांची घडण सारखीच. इंग्रजी माध्यमातल्या चुलतभावाला २६ अक्षरं पहिलीत आली आणि आमच्याला अजून जोडाक्षरं अडतात, असं म्हणणाऱ्या पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तिसऱ्या कागदाचा मजकूर साधाच होता. माझी नजर गेली ती कोपऱ्यात. तिथे ‘इयत्ता’पुढे आधी ६ काढून, खोडून, ३ केला होता. आपल्याकडे न पटणाऱ्या दोघांचा छत्तीसचा आकडा म्हणतात, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून उभे. पण लहान मुलाच्या मेंदूला ते पाठ फिरवलेलं भांडण दिसतच नाही! त्याला ती एकच आकृती वाटते. यात बिघाड काही नाही. गाय डावीकडे तोंड करून उभी असो की उजवीकडे, ती तीच गाय. झाडीतला बिबट्या कुठल्याही बाजूने दिसला तरी बिबट्याच. डावं-उजवं विसरून वस्तू ओळखणं ही आपल्या नजरेची फार जुनी, जीव वाचवणारी खुबी आहे.

लिखाण आलं अवघ्या पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी. एवढ्या अवधीत मेंदूत वाचनासाठी वेगळी खोली बांधून होणं शक्यच नव्हतं. फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांचं म्हणणं असं की वाचन जुन्याच खोलीत बिऱ्हाड करतं. डाव्या बाजूला, मेंदूच्या तळाशी, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागांना लागून एक पट्टा आहे. वाचायला शिकणाऱ्याच्या मेंदूत तो पट्टा अक्षरांना जागं होऊ लागतो. चिनी वाचा, अरबी वाचा, मराठी वाचा, जागा साधारण तीच. मात्र तिथे राहायचं तर गायीचा नियम अक्षरांपुरता मोडावा लागतो. तो खोडलेला ६ म्हणजे नियम मोडतानाची खूण. पुढच्या एप्रिलमध्ये बहुधा ती दिसणार नाही.

ही उलथापालथ फक्त बालवयात होते असंही नाही. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यातल्या बहुतांश स्त्रिया, संशोधकांनी सहा महिने देवनागरी शिकवली. आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूची स्कॅनवर पाहणी केली. वाचन पोचलं होतं पहिलीतल्या मुलाइतकंच. पण नजर वळवण्याच्या आणि लक्ष एकवटण्याच्या कामी येणारे मेंदूच्या पार खोलातले भाग दृष्टीच्या भागाशी पूर्वीपेक्षा अधिक जुळवून काम करू लागले होते. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तिशी-चाळिशीतल्या बाईने ‘क’ गिरवावा आणि तिच्या डोक्यात इतक्या आतवर हालचाल व्हावी, हे वाचल्यापासून साक्षरता वर्गाची पाटी मला वेगळीच दिसते.

चौथ्या कागदावर एका मुलीने लिहिलं होतं, ‘आधी मी मोठ्याने वाचायचे. आता मनात वाचते. मनात आजी आजीच्या आवाजात बोलते.’ शिक्षक याला प्रकट वाचन आणि मूक वाचन म्हणतात. चौथ्या शतकात मिलानचा बिशप अँब्रोज ओठ न हलवता वाचतो, याची संत ऑगस्टीनने मुद्दाम नोंद करून ठेवली आहे. त्या थोरामोठ्यांनी नोंदलेली गोष्ट ही पोर अर्ध्या कागदावर सहज सांगून गेली. आणि मूक वाचनही पुरतं मुकं नसतं. मजकूर अवघड झाला की घशाचे स्नायू बारीकसे हलतात. गळ्याला संवेदक लावले तर ते पकडता येतं.

आता शेवटचा कागद. मैत्रिणीने तो माझ्यापुढे सरकवला तेव्हा ती हसत होती. ‘आधी मी फास्ट वाचायचो. आता हळू वाचतो. कारण कळलं नाही तर मागे जातो.’ आईबापांनी हे वाचलं असतं तर पोरगं मागे पडलं म्हणून कपाळाला हात लावला असता. मला विचाराल तर त्या वर्गातली सगळ्यात मोठी मजल हीच.

१९७९ साली एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी एक गमतीचा प्रयोग प्रसिद्ध केला. तिसरी, पाचवी आणि सहावीच्या मुलांना त्यांनी सांगितलं, तुम्ही आमचे सल्लागार. हे छोटे लेख मुलांना नीट समजावेत म्हणून काय सुधारायला हवं ते सांगा. एका लेखात असं होतं की समुद्राच्या तळाशी मिट्ट काळोख असतो, माशांना तिथे काही दिसत नाही, रंगसुद्धा दिसत नाहीत. आणि लगेच पुढे: तिथले काही मासे आपलं खाणं रंगावरून ओळखतात. दोन विधानं शेजारीशेजारी, एकमेकांच्या उरावर बसलेली. तरी पुष्कळ मुलांना काही खटकलं नाही. सहावीतल्यांनाही! लेख छान आहे, समजला, म्हणाली. मुलं हुशार होती, प्रत्येक वाक्य त्यांना कळत होतं. पण आधीचं वाक्य हातात धरून पुढच्याशी ताडून पाहायचं, हे कामच त्यांच्या लेखी वाचनात मोडत नव्हतं.

‘मला समजलं नाही’ हे समजणं वेगळं शिकावं लागतं, आणि ते यायला कैक वर्षं लागतात. तिसरीतला हा पोरगा मागे जातो, म्हणजे काळोखातला मासा त्याच्या तावडीतून सहजी सुटायचा नाही. प्रगतिपुस्तकात त्याच्या नावापुढे काय लिहिलंस, असं मी मैत्रिणीला विचारलं. ‘स्पष्ट उच्चारात वाचन करतो,’ ती म्हणाली. ‘त्या रकान्यात दुसरं काय मावणार?’

हे सगळं वर्ष संपतानाच का विचारायचं, तर वाचन आपली पावलं पुसत जातं. एसटी स्टँडवर उभे राहा आणि समोरची पाटी न वाचता नुसती बघून दाखवा. जमणार नाही. हिरव्या शाईत ‘लाल’ लिहा आणि झटकन शाईचा रंग सांगायला सांगा. वाचता येणारा अडखळतो, न येणारा नाही. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली हा अडखळा मोजला. एकदा वाचता आलं की न वाचता येण्याची अवस्था आपल्याला आठवूनही सापडत नाही. तुम्हाला आठवतं का, पान म्हणजे नुसत्या काळ्या रेघोट्या होत्या तेव्हा कसं वाटायचं? मला नाही आठवत. तिसरीतल्या मुलाला मात्र मागचा जून अजून दिसतो. बोट दिसतं, हरवलेली ओळ दिसते. आणखी दोन-तीन वर्षांनी त्यालाही दिसणार नाही.

तेव्हा घरात सात-आठ वर्षांचं कुणी असेल तर या मे महिन्यात, आंबे खाऊन झाल्यावर, हात धुवायला लावून त्याला अर्धा कागद द्या आणि बाईंचा प्रश्न विचारा. कागदावर तारीख घाला, आणि ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका.